गव्हाळ रंगाची डबी

लालबाग,
१३ ऑक्टोबर १९५५

ताई,

पत्र तुझ्या दुकानावर टाकतेय, रागावू नकोस. घरी आलेलं प्रत्येक पत्र तुझ्या सासूबाई आधी वाचतात हे तूच सांगितलं होतंस. तूही उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव. आमच्या एका खोलीत सात माणसं आणि लाकडी भिंतीपलीकडे कमळाबाई. इथे बोललेलं तर सोडच, लिहिलेलंसुद्धा सगळ्यांचं होतं.

काम असं आहे. आमच्या शाळेत एक बाई आहेत. त्यांच्या गालावर, डाव्या डोळ्याखाली, पांढरा डाग उठलाय. श्रावणात तांदळाएवढा होता, आता बोटाच्या पेराएवढा झालाय. उन्हात तो लाल होतो आणि चुरचुरतो. त्या आधी स्नो लावून बघत होत्या. पण स्नोने बाकीचा चेहराच पांढुरका दिसतो आणि तासाभरात पिठासारखा सुटतो. तुमच्याकडे रंगाचं क्रीम मिळतं म्हणे. कातडं मऊ राहतं, ऊन लागत नाही आणि डागही दिसत नाही, तिन्ही एकाच डबीत. खरं आहे का? असेल तर त्यातलं कोणतं घ्यावं? बाईंना जरा घाई आहे.

बाकी ठीक. बाबांची रात्रपाळी संपली. राज्य पुनर्रचनेच्या अहवालात मुंबईसह महाराष्ट्र नाही असं कळल्यापासून आमचा रघु संध्याकाळी घरात सापडत नाही, सभा संपल्या की येतो. आई त्याचं ताट झाकून ठेवते आणि दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन बघते.

तुझी
शांता


गिरगाव,
१७ ऑक्टोबर १९५५

शांता,

पत्र काउंटरखाली वाकून वाचलं, मालकांना वाटलं मी पडलेली पिन शोधतेय. तुझे भावजी गेल्यापासून चार वर्षं मी या केमिस्टकडे बायकांच्या वस्तू विकते, तेव्हा तुझ्या बाईंना सांगतेय ते ऐकीव नाही.

आधी डॉक्टरला दाखवायचं, मग डबी. डागावर टोचलेलं कळतं की नाही ते डॉक्टर बघतील. कळत असेल तर महारोग नाही, बहुतेक कोड असेल. कोडाने माणूस मरत नाही आणि ते शेजारच्याला लागतही नाही.

रंग उजळवण्याच्या नावाखाली विकतात त्यातलं काही घेऊ नका. काहींत पारा असतो. एक बाई महिन्याभराने भाजल्यासारखा चेहरा घेऊन आमच्याकडे आली होती. विलायती ट्यूबमधलं रंगाचं क्रीम चांगलं असतं, पण त्याचा रंग मडमांच्या गालासारखा गुलाबी, आपल्यावर तो राखेसारखा दिसतो. नाटकवाल्यांचा रंग डाग पुरता झाकतो. पण तो दिव्यांच्या झोतात बघायचा, वर्गात दुपारी दीड वाजता बघायचा नाही, आणि रोज लावला तर कातडं श्वास घेत नाही.

तिन्ही कामं सारखीच करणारी डबी मी अजून पाहिलेली नाही. एक मऊ ठेवतं पण झाकत नाही, दुसरं झाकतं पण ओढतं. तेव्हा बाईंना विचार, तिन्हींत त्यांना सगळ्यात जास्त गरज कशाची? ते ठरलं की निवड अवघड नाही. आमचे रामदास कंपाउंडर कॅलामाइन आणि झिंक घोटून मलम करतात, ते ऊन चांगलं अडवतं. त्यात लाल काव आणि पिवळी माती कमीजास्त करून रंग जुळवता येईल म्हणाले. पण त्यासाठी बाईंना इथे घेऊन ये. रंग हातावर नाही, जबड्यापाशी जुळवायचा, उजेडात, आणि पाव तास थांबून. न बघता कसा करणार?

कौसल्या


लालबाग,
३ नोव्हेंबर १९५५

ताई,

बाईंना येता येणार नाही. त्यांचा रंग माझ्यासारखाच आहे. अगदी माझ्यासारखा.

डॉक्टरकडे मी एकटीच गेले. सुई टोचली, कळली. कोड आहे म्हणाले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हसले, कारण त्याहून वाईटाची तयारी करून गेले होते. चाळीत शिरेपर्यंत हसू गेलं.

घाईचं कारण असं की प्रभादेवीचं स्थळ आलंय. माधव नाव. गिरणीच्या ऑफिसात कारकून आहे. वडील नाहीत, आई सुभद्राबाई, मालवणकडची. त्या डिसेंबरात मला बघायला येणार. बाबांना डाग दिसलाय पण ते त्याबद्दल बोलत नाहीत, नुसते वर्तमानपत्र उचलतात. आई मला उजवा गाल पाहुण्यांकडे करून बसायला शिकवतेय. काल तिने पाट तीनदा हलवला.

वर्गात पोरी टक लावून बघतात. मी फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ लिहिते, त्यामुळे या महिन्यात त्यांचं शुद्धलेखन सुधारलंय.

तू विचारलंस गरज कशाची. झाकण्याची. बाकीची दोन नसली तरी चालतील.

शांता


गिरगाव,
२६ नोव्हेंबर १९५५

शांता,

बाई तूच आहेस हे मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. तुझ्या तोंडून यावं म्हणून थांबले.

डबी पाठवायला उशीर झाला. सोमवारी हरताळ, फोर्टात गोळीबार झाला, त्यानंतर दोन दिवस दुकानाची फळीच उघडली नाही. रघु त्या दिवशी कुठे होता? मला एका ओळीचं कार्ड टाक, बाकी काही लिहू नकोस.

रंग माझ्याच जबड्यावर लावून जुळवला. आपण दोघी आजीच्या वळणावर गेलो, म्हणून धोका पत्करला. रामदास काकांनी चार वेळा घोटून दिलं. पहिल्यांदा विटेसारखा झाला, मग हळदीसारखा. झाकणावर त्यांनीच "गव्हाळ" असं लिहिलंय. आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस थांब. खाज आली नाही तर चेहऱ्यावर लाव. ओल्या बोटाने, डागाच्या कडेपासून आत थापत जायचं, चोळायचं नाही. घाम आला तर पुसू नकोस, टिपून घे. झोपताना तेलाने काढून टाकायचंच.

आता दुसरं. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला हे सांगितलंस का? तुझ्या आईने नको म्हटलं असेल, मला माझी मावशी माहीत आहे. तू सांगणार नसशील तर मी प्रभादेवीला जाऊन सांगेन. फसवून केलेल्या लग्नात तू एक दिवस सुखाने राहायची नाहीस. माझ्या डबीने असं काही व्हायला नको.

कौसल्या


लालबाग,
१४ डिसेंबर १९५५

ताई,

तू कुठेही जाऊ नकोस. त्याला माहीत आहे.

रघुचं कार्ड मिळालं असेलच. डोक्याला खोक पडली होती, आता बरा आहे.

तुझी डबी छान जमली. पाव तासाने रंग असा बसला की आईने माझी हनुवटी धरून डाग कुठे होता ते शोधलं. सुभद्राबाई आल्या, मला वाचायला लावलं, भाकरी थापायला लावली, आणि पसंत आहे म्हणून निरोप पाठवला. मग रघु बरोबर असताना मला आणि माधवला शिवाजी पार्कात अर्धा तास बोलायला मिळालं. ऊन होतं. मी घाम टिपायचं विसरले आणि पदराने पुसला. त्याने पाहिलं. बराच वेळ तो समोरच्या मुलांचं क्रिकेट बघत राहिला. मग म्हणाला, "माझी हरकत नाही. फक्त आईसमोर कधी असं येऊ नका."

एवढंच. नकार नाही, चौकशी नाही. त्या दिवशी मला तो देवमाणूस वाटला. तू उगाच फसवणुकीची भीती धरून बसलीस.

लग्न वैशाखात. दुसरी डबी करायला सांग, ही निम्म्यावर आली.

शांता


गिरगाव,
९ जानेवारी १९५६

शांता,

त्याला माहीत आहे याचा आनंद आहे. माझा अंदाज चुकला.

पण तुझं पत्र मी परत परत वाचतेय. प्रभादेवीला त्यांच्या किती खोल्या आहेत? एकच असेल, फार तर स्वयंपाकाला आडोसा. सकाळी आंघोळ करून निघालीस की तू कुठे उभी राहून हे लावणार? पाव तास कुठे थांबणार? तेलाने काढून झोपलीस आणि सासूबाई पाणी प्यायला उठल्या तर? ताप आला तर? बाळंतपणात? मी ही डबी विकते, मला ती कोणत्या कामाची ते माहीत आहे. लग्नाला जायला, वर्गात उभं राहायला, उन्हातून चालायला ती चांगली. घरात आयुष्यभर लावून बसायला ती केलेली नाही.

झिंक संपलंय, रामदास काका पुढच्या आठवड्यात करून देतील. मी सोमवारी सोळा तारखेला स्वतःच घेऊन येते.

कौसल्या


लालबाग,
२८ जानेवारी १९५६

ताई,

तू येऊ शकली नाहीस ते बरंच झालं. सोमवारी संध्याकाळी मुंबई केंद्राकडे जाणार असं जाहीर झालं आणि आमच्या नाक्यावर काय झालं ते पत्रात लिहिता येत नाही. तुमच्याकडेही तेच असेल. टपाल बंद होतं म्हणून आज लिहितेय.

डबी मंगळवारी संपली. काडीने खरवडून काढलं तेवढं लावलं आणि दार लावून आत बसले. संचारबंदीच होती, मला एक प्रकारे सोयीचंच वाटलं. हे लिहायला लाज वाटते. बुधवारी सकाळी अश्रुधूर चाळीच्या चौकात आला. सगळी खोकत, डोळे चोळत गॅलरीत पळाली, आत कोंडल्यासारखं होत होतं. आमच्या पिंपात पाणी होतं. मी ते पातेल्यात काढून एकेकाच्या डोळ्यांवर मारत होते, आधी माझं तोंड धुतलं ते माझ्या लक्षातही नव्हतं. कमळाबाईंनी डोळे उघडले तर समोर माझा गाल.

त्या म्हणाल्या, "हे काय गो?"

"कोड."

"दुखता?"

"नाही."

"मग तां पातेलां हकडे धर. माझ्या चंपेचे डोळे अजून मिटलेले आसत."

बस्. पाच महिने मी ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

त्याच दुपारी धोंडूकाका गेले. गिरणीत बाबांच्या शेजारच्या साच्यावर होते, मला लहानपणी खांद्यावर बसवून गणपती दाखवायचे. दूध बघायला म्हणून नाक्यापर्यंत गेले आणि गोळी लागली. मी त्यांच्या बायकोजवळ तीन दिवस बसून होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर, माझं तोंड तिच्या तोंडासमोर. कुणी माझ्या गालाकडे पाहिलं नाही. मला मात्र मधूनच आठवायचं की मी उघडी आहे, आणि मग स्वतःचा राग यायचा की अशा वेळी हे कसं सुचतं.

शनिवारी दोन तास संचारबंदी उठली तेव्हा माधव प्रभादेवीहून चालत आला. आम्ही जिवंत आहोत का बघायला. ताई, त्याचे ओठ सुकलेले होते, चपलेचा अंगठा तुटला होता. मला बघून त्याला आधी बरं वाटलं, ते मी पाहिलं. मग त्याने गॅलरीत उभ्या असलेल्या लोकांकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "असं सगळ्यांसमोर?"

मी म्हटलं, "हो."

तो पाणी न पिता परत गेला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. त्यांची एकच खोली आहे.

शांता


गिरगाव,
२ फेब्रुवारी १९५६

शांता,

धोंडूकाकांचं वाचलं. आमच्या गल्लीतलेही दोघे गेले.

तू आता रागाच्या भरात त्याला नकार कळवशील म्हणून घाईने लिहितेय. मीच तुला नोव्हेंबरात दमात घेतलं होतं आणि आज मीच थांब म्हणतेय, काय म्हणायचं ते म्हण. एकटीने दिवस काढणं काय असतं ते मला विचार. सासूबाई माझी पत्रं वाचतात, मी कुठल्या रंगाचं लुगडं नेसते ते दीर ठरवतात. जो माणूस तशा दिवसांत चालत आला तो अगदीच वाईट नाही. तो कशाला तरी घाबरतोय. कशाला, ते विचार. लिहूनच विचार, बोलायला गेलीस तर तो पुन्हा क्रिकेट बघत बसेल.

सोबत डबी आहे. लावायची की नाही ते तू ठरव.

कौसल्या


लालबाग,
२५ फेब्रुवारी १९५६

ताई,

मी त्याला लिहिलं, "तुमच्या आईला तुम्ही सांगा, नाहीतर मी येऊन सांगते. एका खोलीत मला लपून राहता येणार नाही." कशाला घाबरता हेही विचारलं. बारा दिवस उत्तर नाही. रोज टपालाच्या वेळी माझा वर्ग मोठ्याने पाढे म्हणत असायचा आणि माझे कान जिन्याकडे.

उत्तराऐवजी काल सुभद्राबाईच आल्या, एकट्या. आईने मला खुणेने आत डबीकडे जायला सांगितलं. मी गेले नाही. चहा घेऊन तशीच समोर उभी राहिले, उजवा गाल नाही, समोरून.

त्यांनी चहा घेतला नाही. मला हाताला धरून गॅलरीत उजेडात नेलं आणि बोट लावून डागाची कड चाचपली. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं आणि आईबाबांनाही. त्यांची धाकटी बहीण आहे, रखमा. तिला चौदाव्या वर्षी कोड आलं, हातांवर, मग चेहऱ्यावर. घरच्यांनी तिला मागच्या पडवीत ठेवलं. वेगळं ताट, वेगळा तांब्या. सुभद्राबाईंच्या लग्नात पाहुण्यांना दिसू नये म्हणून तिला गोठ्यात बसवलं होतं. माधव लहानपणी सुट्टीत गावी जायचा, त्याने तिच्या हातचं खाल्लं म्हणून आजीने त्याला मारलं होतं आणि सुभद्राबाई बघत उभ्या होत्या.

"सगळी सांगत होती लागतं म्हणून. मीही धरून चालले," त्या म्हणाल्या. "आज मी तुम्हाला नकार द्यायला आले होते."

बाबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. ते म्हणाले की डॉक्टरचा कागद आहे, लागत नाही, पाहिजे तर दाखवतो. सुभद्राबाईंनी कागद पाहिला नाही. जाताना जिन्यावर थांबून मला विचारलं की हे रंगाचं क्रीम मी कुठून आणते. मी तुझ्या दुकानाचं नाव सांगितलं. कशी फसवणूक झाली याची चौकशी करायची असेल. तुझ्यावर काही आलं तर माझं नाव सांग.

कालपासून माझा कशातही जीव लागत नाही. नकार आला तर आला, पण त्या गोठ्यातल्या बाईचं काय, हेच डोक्यात फिरतंय.

शांता


गिरगाव,
१६ मार्च १९५६

शांता,

त्या आल्या होत्या.

काल दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं. फिकट साधं लुगडं, कपाळ मोकळं, तू वर्णन केलं नव्हतंस तरी मी ओळखलं, कारण त्यांनी आल्या आल्या गव्हाळ रंगाची डबी मागितली. मी माझी ओळख दिली नाही. भांडायला आल्या असतील तर आधी भांडू दे म्हटलं.

त्या भांडल्या नाहीत. डबी उघडून त्यांनी वास घेतला, बोटावर घेऊन उजेडाला धरलं, मग म्हणाल्या की ज्या बाईसाठी हवंय ती उजळ आहे, कोकणस्थ बामणीसारखी, हा रंग तिला काळा पडेल. मी रामदास काकांना बाहेर बोलावलं. त्यांनी काव कमी करून दोन नमुने दिले. त्या दोन्ही नमुने आपल्या मनगटावर लावून पाव तास बाकावर बसून राहिल्या. मी विचारलं, सगळीकडे झाकायचं आहे का, म्हणजे तसं दाट करून देऊ. त्यांनी मनगट पुन्हा उजेडाला धरलं. मग म्हणाल्या, "झाकायला नको. बोटीवर ऊन फार लागेल तिला. माझ्या मुलाच्या लग्नाला आणायची आहे."

मी डबी बांधताना दोनदा दोरा तोडला. पातळ करून दिलंय, ऊन अडवणारं, रंग नावापुरता. कसं लावायचं ते सांगितलं, त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

जाताना त्यांनी विचारलं, "शांताची बहीण ना तुम्ही? हनुवटी तीच आहे."

निरोप तुमच्याकडे आलाच असेल. पण तू हो म्हणायचं की नाही ते अजून तुझ्या हातात आहे. त्याने तुला काय उत्तर दिलं ते मला कळव. आईने केलं, त्याने काय केलं?

कौसल्या


लालबाग,
३० एप्रिल १९५६

ताई,

तुझा शेवटचा प्रश्न मी त्याला तसाच्या तसा विचारला. तो म्हणाला, आईला सांगायला बारा दिवस लागले कारण रोज तोंड उघडायचो आणि मिटायचो. भीती आईची नव्हती. आजीने मारलं त्यानंतर तो रखमामावशीकडे कधीच गेला नाही. ती पडवीतून हाक मारायची आणि हा ऐकू न आल्यासारखं करायचा, मोठा झाल्यावरही. मला बघितलं की त्याला ती हाक ऐकू यायची. गॅलरीत लोकांसमोर तर फारच.

एवढंच सांगितलं. क्षमा वगैरे काही मागितली नाही. मागितली असती तर मला आवडलं नसतं. मी हो म्हटलं, पण सगळा राग गेलाय असं समजू नकोस. थोडा ठेवलाय.

आज सकाळी मी, तो आणि सुभद्राबाई भाऊच्या धक्क्यावर मावशीला आणायला गेलो होतो. सुभद्राबाई बोट दिसल्यापासून एका जागी उभ्या राहिल्या नाहीत. गर्दी ओसरल्यावर सगळ्यात शेवटी ती उतरली. बारीक बाई, पदर नाकापर्यंत ओढलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. सुभद्राबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि त्या दोघी कितीतरी वेळ तशाच. हमाल शिव्या घालत बाजूने जात होते. मग तिने पदर खाली घेतला. तुझं क्रीम निम्मं खाऱ्या वाऱ्याने उतरलं होतं, पण ऊन कुठे लागलेलं नव्हतं.

मी आज काही लावलं नव्हतं. तिने मला जवळ ओढलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि डाग नीट बघितला.

"इतकोच गो?" ती म्हणाली.

आणि हसायला लागली. मलाही हसू आलं, थांबेना. तिच्या खांद्यावरून मला माधव दिसत होता. हसावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. मी त्याला मावशीचं गाठोडं उचलायला सांगितलं.

लग्नाला आदल्या दिवशीच ये, सासूबाईंना काय सांगायचं ते तू बघ.

शांता